शंभराच्या वर जाऊ नका

गरम कपडे उन्हात घालायचं काम आज अर्ध्यावरच थांबलंय. स्वेटर आणि शाली दोरीवर गेल्या. पांघरुणं आणि आमच्या ह्यांचा राखी कोट अजून पलंगावरच होता. कोट झटकताना उजव्या कोपरावर बोट गेलं आणि मी तो मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. चार वर्षांपूर्वी त्या कोपराला इस्त्रीचा चटका बसून बटणाएवढं भोक पडलं होतं. आता ते कुठे होतं हे डोळ्यांना सापडत नाही. बोटाला सापडतं, कारण तिथे कापड जरा दाट लागतं. ते काम रफूकाकूंचं.

रफूकाकू आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. रस्त्याकडे खिडकी असलेली एक खोली, आत छोटं स्वयंपाकघर. खिडकीला लागून लाकडी मेज, मेजावर बिस्किटांचे तीन जुने डबे. एकात सुया, एकात धाग्यांच्या गुंड्या आणि तिसऱ्यात काय आहे ते त्या कुणाला दाखवत नसत. भिंतीवर लाकडी गोल चौकटी टांगलेल्या, एक कैची, एक भिंग. भिंग कधी वापरताना मी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, ते गिऱ्हाईकांसाठी आहे, रफू कुठे केलंय ते शोधायला.

त्यांचे काही नियम होते. ऊन उतरलं की काम बंद, कारण दिव्याखाली रंग खोटं बोलतात. दुकानातून आणलेला धागा कधी लावायच्या नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून नाहीतर दुमडीतून एकेक धागा सोडवून घ्यायच्या, आधी उभे धागे ताणायच्या, मग त्यांच्यातून आडवा धागा एक वर, एक खाली असा काढायच्या. आणि तिसरा नियम म्हणजे भाव एकदाच सांगायचा. गिऱ्हाईक म्हणालं, "काही कमी?" की त्या कपड्याची घडी घालून हसत परत द्यायच्या. राग नाही, लोभ नाही.

हा कोट घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मीही म्हणाले, काही कमी? कोट परत हातात आला. मी दोन पायऱ्या चढले, थांबले, आणि सांगितला तो भाव देऊन आले. आमच्या ह्यांनी ही गोष्ट महिनाभर पुरवून पुरवून सांगितली. "आमच्या घासाघीस खात्याच्या मंत्री पहिल्यांदाच हरून आल्या," म्हणाले.

मंत्रिपद मात्र खरं होतं. इमारतीत कुणाला पंखा घ्यायचा असला, गादी भरून घ्यायची असली, तर मला बरोबर नेत. दुकानदाराला आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो हे कळू द्यायचं नाही, एवढीच माझी विद्या. त्यात मी रोज पहाटे उठून देवापुढे बसणारी. त्यामुळे लोकांना वाटायचं, ही बाई सांगते ते स्वस्तही असणार आणि खरंही.

रफूकाकूंचं शिक्षण म्हणाल तर नवऱ्याच्या चुकांवर झालं. त्यांचे यजमान शिंपी, हात भरभर चालायचा आणि लक्ष रस्त्यावर. लग्न होऊन चार महिने झाले नसतील, तर एका गिऱ्हाइकाच्या महागड्या सुटाच्या पाठीवर कैची लागली. भरपाई द्यायची तर दुकान विकावं लागलं असतं. काकूंनी दोन दिवस त्या कापडाशी डोळे लावले. सूट दुरुस्त होऊन गेला, गिऱ्हाईक खूश झालं, पुढच्या वर्षी दुसरा शिवायला आलं. "त्यांनी फाडत जायचं, मी जोडत जायचं, असा आमचा संसार," असं त्या सांगायच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी लांबच्या शहरात, रविवारी फोन करते. बाकीचा सगळा जीव त्या खिडकीत आणि त्या सुईत.

गेल्या वर्षी याच सुमाराला आरोग्य केंद्रातली एक बाई हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे आली. इमारतीने तिचं नाव लगेच फॉर्मवाली ठेवलं. मी तेव्हा भांडी घासत होते. ओल्या हातांनीच दार उघडलं. तिने नीट सांगितलं. नागीण होऊ नये म्हणून नवी लस आली आहे, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन इंजेक्शनं. मोठ्या हॉस्पिटलात ती फार महाग आहे. केंद्रात आणली तर बरीच स्वस्त पडेल, पण अगदी फुकट देता येणार नाही. म्हणून प्रत्येक भागात विचारत आहेत, ही लस घ्याल का, आणि घेतलीत तर जास्तीत जास्त किती द्याल.

जास्तीत जास्त किती! माझे कान टवकारले. असं विचारणारा दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. मी म्हणाले, शंभर.

तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, "ताई, हा भाव करायचा प्रश्न नाहीये हं. जे खरं वाटतं तेच सांगा. त्यावरूनच पुढे ठरणार आहे."

मला वाटलं, असं तर सगळेच म्हणतात.

ती शेजारच्या दारी बसली तेवढ्यात मी पदराला हात पुसत जिना चढले. वरच्या मजल्यावर सांगितलं, खालच्या मजल्यावर सांगितलं. फॉर्मवाली येईल, शंभराच्या वर जाऊ नका, आपण सगळे एकाच आकड्यावर राहिलो तर ते भाव खाली आणतील. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, मुळात नव्या औषधाचे प्रयोग त्यांनी दुसऱ्या एखाद्या इमारतीवर करावेत, पण संपच करायचा असेल तर मी तुमच्याबरोबर आहे. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, मला सुईची भीती वाटते, तरी शंभर सांगते.

सगळ्यात शेवटी मी रफूकाकूंकडे गेले. त्या खिडकीत एक रेशमी ओढणी धरून बसल्या होत्या. लशीचं नाव काढताच त्यांनी सुई खाली ठेवली. त्यांच्या मोठ्या बहिणीला नागीण झाली होती. फोड पंधरा दिवसांत गेले, कळ मात्र वर्षभर राहिली. अंगाला पोलक्याची बाही लागली तरी ती बाई कळवळायची. काकूंनी ते जवळून पाहिलं होतं. त्यांनी उठून तो तिसरा डबा उघडला. आत नोटा होत्या, रबराने बांधलेल्या. म्हणाल्या, "ही लस निघालीय असं मुलीने फोनवर सांगितलं तेव्हापासून बाजूला टाकतेय. दोन हजारांपर्यंत द्यायची माझी तयारी आहे."

मी म्हणाले, "तयारी असू दे हो. दाखवायची कशाला?"

त्यांनी डबा बंद केला. मग म्हणाल्या, "मला नाही जमत तसं."

"एकदाच," मी म्हणाले. "तुमचेच पैसे वाचतील. माझं ऐका."

तेवढ्यात फॉर्मवाली दारात आली. मी दाराशीच उभी राहिले, हलले नाही. तिने तोच प्रश्न विचारला. रफूकाकूंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर एकच भाव सांगणारी ती बाई, तिची मान खाली गेली आणि ती म्हणाली, "शंभर."

फॉर्मवालीने पेन थांबवून विचारलं, "नक्की ना, काकू?"

"नक्की," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी मी भांडी पुरी करून देवापुढे बसले, तेव्हा मला समाधान वाटत होतं. ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. "इमारतीसाठी एक चांगलं काम झालं." काल ते पान पुन्हा उघडलं आणि त्याच्याकडे पाहवेना.

तीन महिन्यांनी केंद्राच्या दारावर कागद लागला. आमच्या भागात या लशीला पुरेशी मागणी दिसली नाही, त्यामुळे तूर्त ती इथे ठेवली जाणार नाही. पुलापलीकडच्या भागात ठेवली होती, पण ती त्या भागातल्या पत्त्याच्या लोकांनाच. रफूकाकू तो कागद वाचून आल्या आणि मला म्हणाल्या, "मी आता सरळ मोठ्या हॉस्पिटलात जाऊन घेते. थोडे कमी पडतात, मुलीकडून मागवीन."

मी तेव्हा तरी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "चार महिने थांबा. बघा, ते पुन्हा येतील. मालावर बसून राहणारा कुणी नसतो."

त्या थांबल्या. दुसऱ्यांदा माझं ऐकलं.

चौथ्या महिन्यात त्यांच्या कपाळाच्या डाव्या बाजूला आग व्हायला लागली. त्यांना वाटलं डोळ्यांना ताण पडलाय. मलाही तसंच वाटलं, मी थंड पाण्याची पट्टी ठेवून आले. तिसऱ्या दिवशी कपाळावर, पापणीवर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड उठले. मी आणि हे त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी नाकाचा शेंडा पाहिला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, शेंड्यावर फोड आले म्हणजे डोळ्यालाही धोका आहे, आज संध्याकाळच्या आत डोळ्यांच्या हॉस्पिटलात न्या.

पुढचे दीड महिने औषधं, थेंब, तपासण्या. डोळा राहिला, नजर नीट राहिली नाही. डाव्या बुबुळावर पांढुरका डाग पडला. आता त्या डोळ्याला सगळं धुक्यातून दिसतं. उजवा चांगला आहे, पण एका डोळ्याने सुईचं टोक किती लांब आहे ते कळत नाही. धागा नेढ्याच्या बाजूने निघून जातो. सुई एक धागा सोडून दुसऱ्यातच शिरते. कळ अजून आहे. कपाळावर केसाची बट आली तरी हात झटकन वर जातो.

मी एकदा डॉक्टरीणबाईंना एकट्यांनाच गाठून विचारलं, लस घेतली असती तर हे टळलं असतं का. त्यांनी पेन ठेवलं. "टळलंच असतं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार," म्हणाल्या. "शक्यता खूप कमी झाली असती. तुम्ही का विचारताय?"

"उगाच," मी म्हणाले आणि बाहेर आले. ते "उगाच" मला घरापर्यंत टोचत राहिलं.

त्यानंतर मी रोज देवाची माफी मागायला लागले. पहाटे बसायची वेळ अर्ध्या तासाची तासभर केली. आमचे हे एक दिवस चहाची वाट पाहून दारात येऊन म्हणाले, "देव वर राहत असेल, पण रफूकाकू तळमजल्यावर राहतात. जिना दोन मिनिटांचा आहे." मी चिडले. दोन दिवस बोलले नाही. पण त्यांचं बरोबर होतं. देव उलट प्रश्न विचारत नाही म्हणून मी त्याच्यापुढे बसत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले. काकू मेजाशी होत्या. समोर एक लोकरी शाल, तिला मधोमध भोक. त्या सुईत धागा ओवत होत्या आणि तो जात नव्हता. मी दारात असतानाच तीन वेळा चुकला. मेजाच्या कडेला नव्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "रेशीम व नाजूक कापड घेतलं जाणार नाही."

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं बोलले. शंभर सांगायला मी लावलं, थांबायला मी लावलं, त्या दिवशी दारात मी मुद्दाम उभी राहिले होते, तुमच्यावर नजर ठेवायला. हे शेवटचं मी स्वतःलाही तोवर सांगितलं नव्हतं.

काकूंनी सुई डब्याच्या झाकणावर ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही दारात उभ्या होत्या ते मला कळलं होतं. पण आकडा माझ्या तोंडून गेला ना?"

"माझ्यामुळे गेला."

"गेला माझ्याच तोंडून. मी पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना जो भाव सांगितला तो खरा सांगितला. त्या दिवशी नाही सांगितला. मला डोळ्याचं दुःख आहेच, पण कळ आली की मला आधी ते आठवतं." त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "आता रडू नका, शालीवर पाणी पडेल. ह्यात बारा सुया आहेत. ओवून द्या."

मी ओवल्या. तेव्हापासून रोज सकाळी बारा सुया ओवून देते. जाड लोकरीचं काम त्या आता बोटाने चाचपून करतात. एका भोकाला पूर्वी दोन तास लागायचे, आता दोन दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात मी घाईने एक सुई दोनदा ओवली, म्हणजे धागा दुहेरी झाला. काकूंनी बोटानेच ओळखलं आणि म्हणाल्या, "इथेही घासाघीस? एकाच्या भावात दोन?"

मला हसू आलं, आणि ते येतं आहे याची लाजही वाटली.

माफी केली असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. पण एका सकाळी सुया घेताना त्या म्हणाल्या, "माझं जे व्हायचं ते झालं. पण ह्या इमारतीत पन्नाशीपुढचे अजून सतरा जण आहेत. त्यांचे शंभर अजून त्या फॉर्मांवर तसेच पडून आहेत."

मी केंद्रात गेले. फॉर्मवाली भेटली, आता ती लहान मुलांच्या लशींच्या टेबलाशी बसते. मी तिलाही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती थकल्यासारखी हसली आणि म्हणाली, "माझ्या सगळ्या गठ्ठ्यात तुमचीच एक इमारत अशी होती की सगळ्यांचा आकडा सारखा. मला तेव्हाच वाटलं होतं. पण लोक सांगतील ते लिहायचं, एवढंच माझं काम." जुनी चौकशी बंद झाली होती. पण नव्याने मागणीचा अर्ज घेता येईल, म्हणाली. नाव, वय, लस घेणार की नाही, खरोखर किती देऊ शकाल, आणि सही. त्याला तिने दिलेली मुदत उद्या बाराला संपते. दिला म्हणजे लस येईलच असं नाही, तेही तिने स्पष्ट सांगितलं.

म्हणून हे पाच दिवस मी माझी वही घेऊन दारोदार फिरते आहे. ज्या जिन्याने मागच्या वर्षी ओल्या हातांनी धावले, त्याच जिन्याने. प्रत्येक दारी आधी स्वतःची चूक सांगायची, मग आकडा विचारायचा. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच ना शंभर सांगायला लावलं? आता किती लावणार?" मी म्हणाले, काहीच लावणार नाही, तुमचं तुम्ही सांगा. त्या आत जाऊन नवऱ्याशी बोलून आल्या. सहाशे म्हणाल्या आणि डोळे चुकवले, मला कमी वाटेल असं वाटून. मी लिहून घेतलं. एका आजोबांनी सांगितलं, मुलगा देईल तेवढेच, आणि मुलाला विचारायला मला लाज वाटते. तेही लिहिलं. बेकरीवाल्याची बायको सरळ म्हणाली, फुकट दिली तरी नको, सुई म्हटलं की मला चक्कर येते. माझ्या मनात आलं, तिचं हो लिहून टाकावं, एक नाव वाढेल. पेन टेकवलंही होतं. मग "नको" असंच लिहिलं.

माझ्या नावापुढेही आकडा लिहायचा होता. देऊ शकते तेवढा लिहायला घेतला आणि हात सवयीने अर्ध्यावर थांबला. त्याच्या निम्माच आकडा लिहून वही मी रफूकाकूंच्या सहीसाठी खाली नेली. त्यांनी ती उजव्या डोळ्याजवळ धरली, हळूहळू ओळीवर बोट फिरवत आल्या, माझ्या नावाशी थांबल्या.

"हा खरा का?" त्यांनी विचारलं.

मी खोडून पूर्ण आकडा लिहिला. त्यांनी स्वतःपुढे दोन हजार लिहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, बरं झाल्यावर पुढे कधीतरी त्यांनाही लस घेता येईल, पुन्हा होऊ नये म्हणून. सही करताना पेनाचं टोक कागदाच्या जरा वरच राहिलं, हवेतच फिरलं. दुसऱ्यांदा मी त्यांचं मनगट धरून टेकवलं.

पंधरा सह्या झाल्या. दोघे जण गावाला गेलेत, त्यांनी फोनवर सांगितलं ते तसं नोंदवलंय. राहिले एकटे मास्तर. त्यांच्याकडे जायचं मी पाच दिवस टाळलं. ते म्हणणार, मंत्रीबाई, आता भाव चढवायला निघालात? आणि जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार. म्हणू देत. ते फिरून साडेचारला परत येतात.

साडेचार वाजले. कोटाची घडी करून ठेवली, पांघरुणं आज पलंगावरच राहू देत. वही आणि पेन घेऊन तिसऱ्या मजल्यावर मास्तरांकडे जायचं आहे, त्यांचा खरा आकडा लिहून सही आणायला.